संख्येची कल्पना कशी वाढली



ज्या गोष्टी आपल्या नित्याच्या वापरांत असतात, त्यांना कांहीं इतिहास असेल अशी शंकाहि आपल्या मनाला शिवत नाहीं. संख्येचें असेंच आहे. दुधाचा रतीब, घरभाडें, आगगाडीचें वेळापत्रक, मुलांचे परीक्षेंतील गुण, या सर्वांत आपण दिवसभर संख्या वापरतों आणि त्या सूर्यचंद्राप्रमाणें पहिल्यापासूनच आहेत अशा समजुतीनें वापरतों. वस्तुतः तसें नाहीं. आजचा शाळकरी विद्यार्थी ज्या संख्या दोनचार वर्षांत शिकतो, त्यांतील कित्येकींना ‘ही संख्याच नव्हे’ म्हणून मोठमोठ्या पंडितांनीं शतकानुशतकें दाराबाहेर उभें केलें होतें. त्या आंत कशा आल्या, ही हकीकत आज थोडक्यांत सांगावयाची आहे. मीं हयातभर शाळेंत गणित शिकविलें. ‘माझें डोकें गणितांत चालत नाहीं’ असें म्हणणारीं अनेक मुलें व त्यांचे आईबाप मीं पाहिले. त्यांच्यासाठींहि ही हकीकत उपयोगाची आहे असें मला वाटतें.

प्रथम हें लक्षांत घ्यावें कीं, हिशेब ठेवण्यास संख्येची गरज नसते. सकाळीं मेंढ्या वाड्याबाहेर पडतांना धनगरानें दर मेंढीमागें एक खडा पिशवींत टाकला आणि संध्याकाळीं दर मेंढीमागें एक खडा बाहेर काढला, तर शेवटीं पिशवींत खडा उरतो कीं नाहीं यावरून कळप पुरा आला कीं नाहीं हें त्याला बरोबर कळतें. ‘वीस’ किंवा ‘तीस’ हा शब्द त्याच्या भाषेंत नसला तरी अडत नाहीं. आफ्रिकेंत कांगोच्या प्रदेशांत इशांगो येथें १९५० सालीं एक लहानसें हाड सांपडलें. तें सुमारें वीस हजार वर्षांपूर्वींचें मानतात. त्यावर खांचांचे गट कोरलेले आहेत आणि पुष्कळ संशोधक त्यांना मोजणीच्या खुणा समजतात. एका वस्तूला एक खूण, ही मोजणीची पहिली पायरी होय.

दुसरी पायरी चढावयास मनुष्याला फार काळ लागला. ती पायरी म्हणजे संख्या वस्तूपासून वेगळी करणें. पश्चिम आशियांत इसवी सनापूर्वीं सुमारें ८००० वर्षांपासून मातीच्या लहान लहान गोळ्या, शंकु व चकत्या हिशेबासाठीं वापरीत असत. एक आकार धान्याच्या मापाचा, तर दुसरा मेंढीचा. पुढें या गोळ्या मातीच्या पोकळ गोलांत बंद करून बाहेरून त्यांचे ठसे उमटवूं लागले, आणि मग ठसेच पुरेसे आहेत हें ध्यानांत येऊन मातीच्या सपाट पाट्या आल्या. आजच्या इराकांतील उरुक या प्राचीन नगरांत इसवी सनापूर्वीं ३२०० च्या सुमाराच्या अशा पाट्या विपुल मिळाल्या आहेत. त्यांतील एक गोष्ट मोठी उद्बोधक आहे. मेंढ्या मोजावयाच्या असल्या कीं, एक विशिष्ट गोल खूण लहान खुणेच्या दहापट समजावयाची. पण जव मोजावयाचे असले कीं, तीच गोल खूण त्याच लहान खुणेच्या सहापट! म्हणजे खूण एकच, परंतु वस्तु बदलली कीं तिची किंमत बदले. ‘मेंढ्यांचे दहा’ आणि ‘जवाचे दहा’ असे निराळे हिशेब होते. नुसते ‘दहा’ अद्याप जन्मास यावयाचे होते.

आपल्या भाषेंतहि त्या जुन्या अवस्थेच्या खुणा उरल्या आहेत. बैलांची जोडी असते, कागदांचा दस्ता असतो, मेथीची जुडी असते. केळ्यांचा दस्ता कोणी मागत नाहीं. परंतु पांच बोटें, पांच पांडव, पांच दिवस आणि पांच सूर यांत जें समान आहे, तें ना बोटांत आहे ना पांडवांत. तें मनानें काढलेलें सार आहे. लहान मूल बोटें सोडून ‘पांच’ म्हणूं लागतें, तेव्हां ही हजारों वर्षांची वाट तें चालून आलेलें असतें.

येथवर संख्या मोजण्यापुरती होती. परंतु जमीन, धान्य व सूत या वस्तु मोजून भागत नाहीं, त्या मापाव्या लागतात. आणि मापतांना तुकडे उरतात. बाजारानें या तुकड्यांना केव्हांच संख्या मानलें. आपल्याकडे आधींच्या पिढ्यांतील मुलें पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हीं साऱ्या आळीला ऐकूं जाईल अशा आवाजांत पाठ करीत. ती या व्यवहाराचीच देणगी. ग्रीक पंडित मात्र अधिक सोवळे होते. इसवी सनापूर्वीं ३०० च्या सुमारास युक्लिडनें संख्येची व्याख्या ‘एककांचा समुदाय’ अशी केली. या व्याख्येनें पाहिलें तर ‘एक’ हीदेखील संख्या ठरत नाहीं, मग पाव आणि पाऊण यांची काय कथा?

त्यापूर्वींच त्यांच्यापुढें एक मोठें संकट उभें राहिलें होतें. एक हात बाजूचा चौरस काढा. त्याचा कर्ण किती हात? तो कोणत्याहि अपूर्णांकानें नेमका सांगतां येतो असें गृहीत धरलें, तर शेवटीं एकच संख्या समहि आणि विषमहि आहे असें कबूल करण्याची पाळी येते. म्हणजे असा अपूर्णांक नाहींच. कर्ण तर समोर दिसतो आहे आणि त्याला संख्या नाहीं! ग्रीकांनीं तोडगा काढला तो असा कीं, ही लांबी आहे, संख्या नव्हे. आणि भूमितीला त्यांनीं अंकगणिताहून वेगळा संसार थाटून दिला. ज्यांना प्रत्यक्ष काम उरकावयाचें होतें ते इतके अडून बसले नाहींत. बाबिलोनी कारकुनांची एक पाटी अमेरिकेंतील येल विद्यापीठांत आहे. ती ग्रीकांच्याहि हजारावर वर्षें आधींची, आणि तिच्यावर हा कर्ण दशांशाच्या पांच स्थळांपर्यंत बरोबर दिला आहे. आपल्या बौधायन शुल्बसूत्रांत यज्ञवेदीच्या रचनेसाठीं रीति सांगितली आहे: बाजूंत तिचा तिसरा भाग मिळवावा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवावा, आणि या शेवटच्या भागाचा चौतिसावा अंश वजा करावा. हेंहि उत्तर पांच स्थळांपर्यंत बरोबर येतें. अशा संख्यांना तर्कशुद्ध बैठक मात्र १८७२ सालीं जर्मन गणिती डेडेकिंड यानें दिली. वापर आधीं आणि अधिकारपत्र मागाहून, हा क्रम लक्षांत ठेवावा. पुढें तो पुनः पुनः दिसेल.

आतां शून्याकडे वळूं. शून्याचीं दोन कामें आहेत. २७० या आंकड्यांत तें रिकामी जागा राखतें. हें पहारेकऱ्याचें काम बाबिलोनी लोकांनीं एका चिन्हाकडून करून घेतलें होतें व दूर अमेरिकेंत माया लोकांनींहि स्वतंत्रपणें तें साधलें होतें. आपल्याकडे ग्वाल्हेर येथील इसवी सन ८७६ च्या शिलालेखांत बागेची लांबी २७० हात अशी लिहिलेली आजहि पाहावयास मिळते. शून्याचें दुसरें काम म्हणजे स्वतः संख्या म्हणून इतर संख्यांच्या पंक्तीला बसणें. इसवी सन ६२८ मध्यें, आज राजस्थानांत असलेल्या भिल्लमाल नगरीच्या ब्रह्मगुप्तानें आपल्या ब्राह्मस्फुटसिद्धांतांत शून्याचे मिळवणी, वजाबाकी व गुणाकार यांचे नियम रीतसर सांगितले. ‘कांहीं नाहीं’ याला बेरीज-वजाबाकींत घेतां येतें, ही दृष्टि विलक्षण होती. ‘ही संख्या कोणती वस्तु मोजते?’ हा प्रश्न मागें पडून ‘ही संख्या कोणत्या नियमानें वागते?’ हा प्रश्न पुढें आला. त्यांतहि भागाकार अवघडच राहिला. शून्याला शून्यानें भागलें तर शून्य येतें, असें ब्रह्मगुप्त म्हणतो. आजचें गणित तें मान्य करीत नाहीं.

ब्रह्मगुप्तानें त्याच ग्रंथांत ऋण संख्यांचेहि नियम दिले. त्याचे शब्दच बोलके आहेत: मालमत्ता तें धन, कर्ज तें ऋण. चीनमध्येंहि त्यापूर्वीं हिशेबाच्या काड्या धनासाठीं तांबड्या व ऋणासाठीं काळ्या ठेवीत असत. ऋणाला ऋणानें गुणलें म्हणजे धन कसें येतें, हा प्रश्न मुलांना दरवर्षीं पडतो. तो वाण्याच्या वहींत सुटतो. तुमच्या नांवावर पन्नास पन्नास रुपयांच्या तीन उधाऱ्या चुकून मांडल्या गेल्या आणि वाण्यानें त्या तीनहि खोडल्या. उधारी हें ऋण. खोडणें ही वजाबाकी. तीन ऋणें गेलीं, म्हणजे तुमची स्थिति दीडशें रुपयांनीं सुधारली. ऋण गेलें तें धन आलें.

इतकें असूनहि ऋण संख्येचा मनांतून स्वीकार होणें सोपें नव्हतें. याचा उत्तम पुरावा भास्कराचार्यांच्या बीजगणितांत आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें चाळीसगांवजवळील पाटण येथें मठ स्थापिल्याचा शिलालेख प्रसिद्ध आहे, तेव्हां महाराष्ट्राशीं त्यांचा संबंध जवळचा आहे. त्यांनीं असें उदाहरण घातलें: एका वानरांच्या कळपाचा पांचवा भाग घ्या, त्यांतून तीन वजा करा आणि बाकीचा वर्ग करा, तितके वानर गुहेंत गेले आणि एक झाडावर दिसला, तर एकंदर वानर किती? उत्तर पन्नास. पन्नासाचा पांचवा भाग दहा, त्यांतून तीन गेले सात, सातांचा वर्ग एकुणपन्नास, आणि झाडावरचा एक. परंतु समीकरणाचें आणखी एक उत्तर निघतें, तें पांच. पांचाचा पांचवा भाग एक. त्यांतून तीन गेले म्हणजे ऋण दोन. त्याचा वर्ग चार. आणि एक मिळून पांच. आंकडे चोख जुळतात! तरीहि भास्कराचार्य हें उत्तर सोडून देतात; कारण एका वानरांतून तीन वानर वजा करावयाचे कसे? व्यक्त ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाहीं, असें कारण ते देतात. ऋणाचे सगळे नियम ज्यांना करतलामलकवत् होते, त्यांनाहि येथें थांबावेंसें वाटलें.

भारतीय अंक बगदादच्या विद्वानांनीं उचलले आणि तेथून ते युरोपांत पोंचले. ‘शून्य’ याचें अरबींत ‘सिफ्र’ झालें व त्यापासूनच ‘झीरो’ हा शब्द आला. इटलींतील फिबोनाची यानें १२०२ सालीं या अंकांवर ग्रंथ लिहिला, तरी १२९९ सालीं फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघानें आपल्या सभासदांना हिशेबाच्या वह्यांत हे नवे अंक वापरण्यास मनाई केली. ऋण संख्यांना तर तेथें याहूनहि अधिक काळ तिष्ठावें लागलें. इंग्लंडांत फ्रान्सिस मासेरेस यानें १७५८ सालीं पुस्तक लिहून त्यांच्याविरुद्ध तक्रार मांडली.

आणि तोंपर्यंत त्याहून चमत्कारिक पाहुणा दाराशीं आलेला होता. कोणत्याहि संख्येचा वर्ग ऋण येत नाहीं. मग ऋण संख्येचें वर्गमूळ म्हणजे काय? इटलींत कार्दानोनें १५४५ सालीं अशीं मुळें लिहून पाहिलीं आणि तीं निरुपयोगी ठरविलीं. पुढें बोंबेली यानें १५७२ सालीं एक घनसमीकरण घेतलें. त्याचें उत्तर सरळ ४ होतें. पण नियमानें तेथें जावयाचें तर वाटेंत ऋण १२१ चें वर्गमूळ ओलांडावें लागे. त्यानें धीर धरून त्या मुळाला नियमानें वागविलें आणि तो ४ या उत्तराशीं सुखरूप पोंचला. डेकार्तनें १६३७ सालीं अशा मुळांना ‘काल्पनिक’ हें नांव दिलें, तेंच रूढ झालें. पुढें वेसेल, आर्गां व गौस यांनीं त्या संख्या कागदाच्या पातळीवर बिंदूंच्या रूपानें मांडून दाखविल्या, तेव्हां त्यांच्याविषयींचा संशय ओसरला. विजेच्या उलटसुलट प्रवाहाचें गणित आज याच संख्यांनीं करतात. आणि हें भाषण आपल्यापर्यंत आणणाऱ्या यंत्राच्या रचनेलाहि त्यांचाच आधार आहे.

या साऱ्या हकीकतींत एकच क्रम दिसतो. आधीं अडचण येते. मग कोणीतरी ‘अशक्य’ म्हटलेली संख्या भीतभीत वापरतो. तिचे नियम बसतात, कामें होतात, आणि अर्थ पुष्कळ मागाहून उजळतो. शाळेंत आपण हा क्रम उलटा करतों. नियम पहिल्याच दिवशीं फळ्यावर येतो आणि ज्या अडचणीसाठीं तो जन्मला ती सांगावयाची राहून जाते. अशा वेळीं जें मूल ‘कांहीं नाहीं याहून कमी कसें असेल?’ म्हणून अडून बसतें, त्याला मठ्ठ म्हणणें अन्यायाचें आहे. जेथें भास्कराचार्यांना थांबावेंसें वाटलें तेथेंच तें थांबलें आहे.

तेव्हां घरांतील वडील माणसांना माझी विनंति एवढीच कीं, अशी शंका आली तर ‘नियमच आहे, पाठ कर’ असें म्हणून ती झटकून टाकूं नये. उधारीची वही दाखवावी, थंडीच्या प्रदेशांतील शून्याखालीं उतरणारा पारा दाखवावा, वानरांचें उदाहरण मुलाला स्वतः सोडवूं द्यावें. त्याला दोन दिवस लागले तरी हरकत नाहीं. मग नियम पाठ करावयास सांगितला तर तें आनंदानें करील. आणि गणित हें आपल्यासारख्याच माणसांनीं, अडखळत व एकमेकांचें पाहून, घडविलेलें शास्त्र आहे एवढें तरी त्याला निश्चित कळेल.