धक्क्यावरचा पैसा जातो कुठे?

धारवाडहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की केलगेरी येतं. खाऱ्या पाण्याशी या गावाचा काही संबंध नाही. इथलं पाणी म्हणजे केलगेरीचं तळं. तरी धारवाड-हुबळीच्या बाजारात बांगडा आणि सुरमई लागतेच, आणि ती कारवार, मालपे, गोवा अशा धक्क्यांवरून घाट चढून येते. वर पोचेपर्यंत तिच्या भावात डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा, लिलाव करणाऱ्याची दलाली, हमाली, टेम्पोभाडं असं सगळं मिसळलेलं असतं. बऱ्याच गिऱ्हाइकांची समजूत अशी की यातच कुठेतरी सरकारचा ‘मासळीकर’ही असणार, आणि समुद्रातून किती मासा निघाला याचा हिशेब त्याच पैशातून ठेवला जात असणार. काही देशांत खरोखर असं चालतं. आपल्याकडे चालत नाही. पण का चालत नाही आणि तिकडे कसं चालतं, याबद्दल दोन्ही बाजूंनी इतके गैरसमज आहेत की ते एकेक करून सोडवायला हवेत.

‘बंदरावर पैसे भरतो, त्यातूनच मोजणी होते’

बंदरावर पैसे भरावे लागतात हे खरं. बोट धक्क्याला लावायचं शुल्क असतं, पाणी-बर्फाचे पैसे असतात, लिलावाची दलाली असते. पण दलाली ही खासगी व्यवहारातली रक्कम, ती दलालाच्या किंवा संस्थेच्या खिशात जाते. धक्क्याचं शुल्क धक्क्याच्या मालकाला मिळतं आणि ते त्याच्या डागडुजीसाठी असतं. मुंबईचा ससून डॉक १८७५ पासून उभा आहे. तिथली जागा मुंबई बंदराच्या मालकीची, त्यामुळे तिथलं भाडं बंदराचं. बोटीच्या परवान्याची फी राज्याच्या तिजोरीत जमा होते आणि तिथे गेलेल्या रुपयावर ‘हा माशांसाठी’ असा शिक्का राहत नाही.

मोजणीचं मुख्य काम करते ती केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, म्हणजे सीएमएफआरआय. ती ३ फेब्रुवारी १९४७ रोजी स्थापन झाली. १९६७ पासून ती भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या छत्राखाली आहे आणि मुख्यालय कोचीला आहे. कारवार, मंगळूर, मुंबई इथे तिची केंद्रं आहेत. कारवारच्या धक्क्यावर वही घेऊन उभ्या असलेल्या तिच्या कर्मचाऱ्याचा पगार केंद्र सरकारच्या अंदाजपत्रकातून येतो. म्हणजे मासा न खाणाऱ्या करदात्याच्याही खिशातून येतो. मला यात काही गैर वाटत नाही, पण हे माहीत असावं.

‘आमच्या बंदरात मोजायला कोणी आलंच नाही, मग आकडा आला कुठून?’

हा आक्षेप कोळीवाड्यांत नेहमी ऐकू येतो, आणि तो वरवर रास्तही वाटतो. २०१०च्या सागरी मत्स्य गणनेनुसार देशात मासळी उतरवण्याची १,५११ केंद्रं होती; त्यातली महाराष्ट्रात १५२, कर्नाटकात ९६, गोव्यात ३३. रोज प्रत्येक ठिकाणी माणूस उभा करणं कुठल्याच संस्थेला परवडणारं नाही. म्हणून नमुना घेतात. किनाऱ्याचे विभाग पाडायचे, महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन तुकडे करायचे, पहिल्या तुकड्यात सुरुवातीचा दिवस चिठ्ठी काढल्यासारखा निवडायचा, तो धरून सहा दिवस दोन-दोनच्या जोडीने वेगवेगळ्या केंद्रांना द्यायचे आणि पुढच्या दोन तुकड्यांत दहा-दहा दिवसांच्या अंतराने तसेच दिवस धरायचे. जोडीतल्या पहिल्या दिवशी दुपारी बारा ते संध्याकाळी सहा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते दुपारी बारा कर्मचारी तिथे हजर असतो. मधल्या रात्री काय उतरलं ते तो विचारून घेतो. पंधरा किंवा त्याहून कमी बोटी आल्या तर सगळ्यांची मासळी नोंदवतो, जास्त आल्या तर ठरलेल्या क्रमाने काही बोटी निवडतो. मोठी बंदरं या विभागांत न मिसळता स्वतंत्रपणे धरली जातात, कारण तिथली आवक शेजारच्या चार बंदरांत वाटली तर अंदाज बिघडतो.

म्हणजे तुमच्या बंदरात त्या आठवड्यात कोणी आलं नसेल, तर त्यात लबाडी नाही. चिठ्ठीत नाव निघालं नाही एवढंच. एखाद्या लहान बंदराचा आकडा या पद्धतीने कच्चा राहू शकतो, राज्याचा सहसा राहत नाही. महाराष्ट्राची सागरी आवक २०१९ साली २.०१ लाख टनांवर आली. आदल्या वर्षी ती २.९५ लाख टन होती, आणि २०१९चा आकडा तोवरच्या ४५ वर्षांतला नीचांक होता. त्या वर्षी अरबी समुद्रात एकामागून एक वादळं आली आणि बोटींचे कितीतरी दिवस बंदरातच गेले. ही घसरण कोळ्यांना आधीच कळलेली होती. पण मंत्रालयात जाऊन भरपाई मागायची तर ‘मासळी नाही हो साहेब’ एवढं पुरत नाही, तिथे टनांत बोलावं लागतं.

एक गोष्ट जाता जाता: केलगेरीसारख्या तळ्यांतले, धरणांतले रोहू-कटला या आकड्यांत नसतात. गोड्या पाण्याचा हिशेब वेगळा.

‘भारतात मासळीवर असा उपकर कधी नव्हताच’

होता. धक्क्यावर नव्हता, निर्यातीवर होता. १९४० साली ब्रिटिश सरकारने कृषी उत्पादन उपकर कायदा केला. परदेशी जाणाऱ्या ठरावीक शेतमालावर किमतीच्या अर्धा टक्का उपकर, आणि तो पैसा कृषी संशोधन परिषदेला. त्या यादीत धान्य, फळं, तूप यांच्या जोडीला मासेही होते. स्वातंत्र्यानंतरही कायदा राहिला. सीएमएफआरआय या परिषदेत १९६७ साली आली, तेव्हा निर्यातीच्या कोळंबीवरचा अर्धा टक्का आणि समुद्राचं संशोधन हे दोन्ही एकाच घरात आले. थेट नातं सांगता येणार नाही, कारण उपकर परिषदेचा होता, माशांचा नव्हता. २००६ साली संसदेने काही जुने उपकर कायदे मोडीत काढले, त्यात हाही गेला. वसुली थोडी आणि कटकट फार, असं त्या वेळचं सरकारी गणित होतं. निर्यातदारांनी सुटकेचा नि:श्वास टाकला, आणि उपकराची ही गोष्ट पुढे कोणी फारशी काढलीही नाही.

‘श्रीमंत देशांत सरकारच सगळा खर्च उचलतं’

इथे अलास्काचं उदाहरण सविस्तर पाहण्यासारखं आहे, कारण तिथे आधी चूक झाली आणि मग ती कायद्याने दुरुस्त झाली.

१९९० पासून तिथल्या बोटींवर सरकारमान्य निरीक्षक असत. जाळ्यात काय आलं, काय परत समुद्रात फेकलं, हे ते नोंदवत. पैसे बोटमालक निरीक्षक पुरवणाऱ्या कंपनीला थेट देत. नियम बोटीच्या लांबीवर होता: १२५ फुटांहून मोठ्या बोटीवर निरीक्षक कायम, ६० ते १२५ फुटांच्या बोटीवर मासेमारीच्या ३० टक्के दिवस, आणि ६० फुटांखाली निरीक्षकच नाही. हॅलिबट पकडणाऱ्या बोटीही यातून सुटलेल्या होत्या. ३० टक्के दिवस कोणते हे बोटमालक ठरवणार! मग काय होणार ते कळायला अलास्काला जावं लागत नाही. निरीक्षक असताना जवळची, सोयीची फेरी मारायची आणि तो उतरला की जिथे जायचं तिथे जायचं. सगळे असंच करत होते असं नाही, पण ज्या आकड्यात अशी फट आहे त्याच्यावर कोणी कोटा ठरवू नये.

जानेवारी २०१३ पासून पद्धत बदलली. अर्धवट निरीक्षण असलेल्या सगळ्या बोटींनी, लहान आणि हॅलिबटच्या बोटींसकट, उतरवलेल्या मासळीच्या किमतीवर १.२५ टक्का शुल्क द्यायचं. निम्मं बोटीने, निम्मं खरेदीदाराने. वसुलीची जबाबदारी खरेदीदारावर, आणि भरणा वर्ष संपल्यावर एकदम. भाव कोणता धरायचा यावर रोज भांडण नको म्हणून आधीच्या भावांवरून काढलेले प्रमाणित दर सरकार वर्षाआधी जाहीर करतं. जमलेल्या पैशातून सरकारच कंपनीशी करार करतं आणि कुठल्या फेरीला निरीक्षक जाणार हे चिठ्ठीने ठरतं. लाख रुपयांची मासळी उतरली तर शुल्क साडेबाराशे, बोटीचा वाटा सव्वासहाशे. दिवस काढणाऱ्या छोट्या बोटीवर थोडा भार, भरपूर मासा आणणाऱ्यावर जास्त. २०२१ साली दर १.६५ टक्का झाला, कारण निरीक्षकाच्या एका दिवसाचा खर्च वाढला होता. कायद्याने वरची मर्यादा दोन टक्क्यांची घातली आहे. समुद्रातच मासा कापून गोठवणारी मोठी जहाजं मात्र अजूनही निरीक्षकाचे पैसे कंपनीला थेट देतात. त्यांच्यावर तो कायमच असतो, त्यामुळे दिवस निवडायची संधी नाही.

‘पैसे देणारा तो धनी, मग निरीक्षक खरं कसं लिहील?’ या शंकेचं उत्तरही इथेच आहे. बोटमालक पैसे देतो, पण कोण येणार आणि कधी येणार हे तो ठरवत नाही. १९९०च्या पद्धतीत दिवस त्याच्या हातात होते, घोडं तिथेच पेंड खात होतं.

न्यूझीलंडनेही ऑक्टोबर १९९४ पासून संशोधन आणि निरीक्षणाचा बराच खर्च मत्स्योद्योगाकडून वसूल करायला सुरुवात केली.

‘अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही फी बेकायदा ठरवली’

२८ जून २०२४च्या ‘लोपर ब्राइट’ निकालानंतर हे विधान आपल्याकडच्या वर्तमानपत्री टिपणांतही डोकावलं. प्रकरण अलास्काचं नव्हतं, अटलांटिकमधल्या हेरिंग मासेमारीचं होतं. तिथे २०२०च्या नियमाने बोटमालकांना निरीक्षकाचा खर्च स्वतः करायला सांगितला, अंदाजे दिवसाला ७१० डॉलरपर्यंत. टक्का नाही, रोजचा ठोक आकडा. मासा मिळो न मिळो. मालकांचा मुद्दा असा होता की मासेमारीच्या मूळ कायद्यात उत्तर पॅसिफिक, परदेशी जहाजं आणि कोटा पद्धतीच्या बोटी यांच्याबद्दल वसुलीची परवानगी स्पष्ट लिहिली आहे, हेरिंगबद्दल काहीच नाही. न्यायालयाने निकाल दिला तो याहून मोठ्या प्रश्नावर: कायदा संदिग्ध असेल तेव्हा सरकारी खात्याचा अर्थ न्यायालयांनी मान्य करायचा, हे १९८४ पासूनचं तत्त्व त्याने रद्द केलं आणि खटला खालच्या न्यायालयाकडे परत पाठवला. अलास्काच्या टक्क्याला धक्का लागला नाही, कारण तो कायद्यातच लिहिलेला आहे. गंमत अशी की हेरिंगची ती निरीक्षण व्यवस्था सरकारच्या वाट्याचा निधी आटल्यामुळे २०२३ सालीच थांबवलेली होती. वाद सर्वोच्च न्यायालयात आणि बोटीवर निरीक्षकच नाही!

‘आता बोटीवर यंत्र बसलं, माणूस कशाला?’

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये बोटींवरील ट्रान्सपॉन्डर योजनेची सुरुवात झाली. किनारी राज्यांतल्या एक लाख बोटींवर ही यंत्रं बसवायची, तीही मच्छीमारांना मोफत. वादळाची सूचना, संकटात संदेश, सीमा ओलांडली की इशारा, हे सगळं मोलाचं आहे. पण यंत्र सांगतं बोट कुठे आहे. खणात पापलेट किती आणि केवढं, हे त्याला कळत नाही. महाराष्ट्राने २०२३ साली पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला आणि ५४ जातींच्या माशांना किमान लांबीची अट घातली. त्या अटीचा अर्थ धक्क्यावर पट्टी घेऊन कोणीतरी उभं राहणं असाच होतो.

‘शुल्क लागलं की मासळी महागणार’

समजा अलास्काचा १.६५ टक्क्याचा दर कारवारला लागला. धक्क्यावर ४०० रुपये किलोने गेलेल्या सुरमईवर ६ रुपये ६० पैसे; त्यातले ३ रुपये ३० पैसे बोटीचे, तेवढेच खरेदीदाराचे. जून-जुलैच्या बंदीत किंवा एखाद्या वादळी आठवड्यात धारवाडला भाव किती उड्या मारतो हे ज्याने पाहिलं आहे, त्याला यात महागाई दिसणार नाही.

खरी अडचण दुसरीकडे आहे. अलास्कात खरेदीदार मोजके, नोंदलेले, पावती देणारे. आपल्या धक्क्यावर लिलाव तोंडी, टोपलीवर, रोखीत. त्यात कोळीण दोन पाट्या घेते आणि तिकडे ट्रॉलरचा अख्खा खण एकाच व्यापाऱ्याकडे जातो. डोलजाळ्याच्या होडीवर आणि पर्ससीनवर एकच टक्का लावायचा का? वसूल कोणी करायचा, सहकारी संस्थेने की दलालाने? आणि जमलेला पैसा राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत न जाता मोजणीसाठीच राखून ठेवेल असा स्वतंत्र निधी कायद्याने बांधल्याशिवाय कोणता तांडेल तो आनंदाने देईल? माझं मत विचाराल तर सुरुवात मोठ्या बंदरांतल्या यांत्रिक बोटींपासून आणि निर्यातदारांपासून व्हावी, कारण त्यांच्याकडे कागद आधीच आहेत: युरोपात मासळी पाठवायची तर २०१० पासून ती कुठल्या बोटीने पकडली याचं प्रमाणपत्र जोडावंच लागतं. लहान होड्यांना त्यात ओढू नये. त्यांची मोजणी आज आहे तशीच, सरकारच्या खर्चाने आणि चिठ्ठीच्या हिशेबाने चालू द्यावी.