सल्ल्याचे वजन



इंग्रजीच्या पुस्तकात 'ॲडव्हाइज' हे क्रियापद तुम्ही वाचले असेल. त्याचा अर्थ विचारला, तर वर्गातील काही मुले 'मशवरा देना' म्हणतील आणि काही 'सलाह देना' म्हणतील. मराठीत आपण 'सल्ला देणे' म्हणतो. एवढे पाठ झाले की शब्द समजला, असे आपल्याला वाटते. मलाही तसेच वाटत होते.

मी तेव्हा दहावीत होतो. जुन्या नाशकात आमचे घर होते. दादीला चार दिवस ताप होता. संध्याकाळी अब्बा तिला डॉक्टरांना दाखवून आले. डॉक्टरांनी एक चिठ्ठी दिली होती. दवाखान्यात गर्दी होती, त्यामुळे डॉक्टरांचे बोलणे अब्बांना नीट ऐकू आले नव्हते. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच. चिठ्ठीत औषधांची नावे होती आणि शेवटी दोन शब्द होते : 'ॲडव्हाइज्ड ॲडमिशन'. मी ऐटीत सांगितले, "डॉक्टरांनी दवाखान्यात दाखल होण्याचा मशवरा दिला आहे."

दादी हसली. "मशवराच है ना? सुबह देखेंगे," ती म्हणाली.

रात्री दोनच्या सुमारास तिला धाप लागली. अब्बांनी धावत जाऊन रिक्षा आणली. दादी आठ दिवस दवाखान्यात होती. अल्लाच्या कृपेने ती बरी होऊन घरी आली. पण त्या रात्री डॉक्टरांनी विचारले, "मी संध्याकाळीच लिहून दिले होते. मग आणले का नाही?" अब्बांनी माझ्याकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत. मी अर्थ बरोबर सांगितला होता, पण त्या शब्दाचे वजन सांगितले नव्हते. डॉक्टर जेव्हा असे लिहितात, तेव्हा त्याचा अर्थ 'जमले तर या' असा नसतो. 'उशीर करू नका' असा असतो.

म्हणून आज आपण हा शब्द नीट समजून घेऊ.

प्रथम उच्चार पाहू. इंग्रजीत नाम 'ॲडव्हाइस' आहे आणि क्रियापद 'ॲडव्हाइज' आहे. नामाच्या शेवटी 'सीन' या अक्षराचा आवाज येतो, तर क्रियापदाच्या शेवटी 'झे' या अक्षराचा. उर्दूत या दोन आवाजांची अक्षरेच वेगळी आहेत. त्यामुळे हा फरक तुमच्या कानाला सहज कळेल. दुसरी गोष्ट अनेकवचनाची. मराठीत एक सल्ला, दोन सल्ले होतात. उर्दूत एक मशवरा, दोन मशवरे होतात. इंग्रजीत मात्र या नामाचे अनेकवचन करत नाहीत. आपली मुले 'ॲडव्हायसेस' लिहितात आणि गुण गमावतात.

आता मराठीकडे वळू. 'सल्ला' हा शब्द तुम्हाला परका नाही. अरबीतील 'सलाह' फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि 'सल्ला' झाला. 'सुलह' म्हणजे तह, 'इस्लाह' म्हणजे दुरुस्ती आणि 'मसलहत' हे शब्दही त्याच मुळापासून निघाले आहेत. शायर आपली गझल उस्तादाला दाखवून इस्लाह घेतो, हे तुम्ही उर्दूच्या तासाला ऐकले असेल. बिघडलेले नीट करणे, हा या सर्व शब्दांच्या मुळाशी असलेला अर्थ आहे. सल्ल्याचे खरे कामही तेच आहे.

शिवाजी महाराजांच्या काळात दरबारी मराठीत फारसी शब्द पुष्कळ होते. त्यांना संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' तयार करवून घेतला. तरीही लोकांच्या तोंडी रुळलेले कितीतरी शब्द टिकून राहिले. 'खलवत' म्हणजे एकांत. मराठीत त्याचे 'खलबत' झाले आणि एकांतातील गुप्त सल्लामसलत असा त्याचा अर्थ झाला. रायगडावर गेलात, तर तेथे खलबतखाना पाहायला मिळेल. पुढे १९२५ साली माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवी माधव ज्यूलियन, यांचा फारसी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. तुमच्या घरातील शब्द मराठीच्या घरी किती काळापासून नांदत आहेत, हे असा कोश उघडला की कळते.

पण ओळखीचा शब्द दिसला म्हणून गाफील राहू नका. उर्दूत 'सलाह' स्त्रीलिंगी आहे. आपण 'सलाह दी' म्हणतो. मराठीत 'सल्ला' पुल्लिंगी आहे. म्हणून 'बाईंनी मला सल्ला दिली' हे वाक्य चुकीचे आहे. 'बाईंनी मला रोज वाचन करण्याचा सल्ला दिला' असे म्हणावे. 'शिफारस' आणि 'ताकीद' हे शब्द मात्र दोन्ही भाषांत स्त्रीलिंगी आहेत : शिफारस केली, ताकीद दिली.

काही शब्दांचे अर्थही बदलले आहेत. उर्दूत 'तजवीज' म्हणजे एखादा प्रस्ताव. मराठीत 'पाण्याची तजवीज केली' म्हणजे पाण्याची सोय केली. हिंदीत 'सूचना' म्हणजे खबर. मराठीत 'सूचना' म्हणजे काय करावे ते सांगणे. उर्दूत 'इशारा' म्हणजे खूण. मराठीतही तो अर्थ आहे, पण 'इशारा देणे' म्हणजे धोका आधीच सांगणे.

हा शेवटचा फरक नाशिककरांना पावसाळ्यात चांगला कळतो. गंगापूर धरणातून पाणी सोडले की गोदावरीच्या काठी राहणाऱ्यांना सावध केले जाते. दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कोठपर्यंत लागले, यावरून लोक पुराचा अंदाज घेतात. अशा वेळी प्रशासन 'सल्ला' देत नाही, 'इशारा' देते. सल्ल्यावर विचार करायला वेळ असतो. इशाऱ्यानंतर आधी सामान हलवायचे असते.

आता हे शब्द वजनाप्रमाणे मांडून पाहा. मित्र म्हणतो, "आज क्रिकेट खेळू या का?" हे सुचवणे झाले. मोठा भाऊ म्हणतो, "परीक्षा जवळ आली आहे, गणित आधी कर." हा सल्ला झाला. सर एखाद्या मुलाचे नाव शिष्यवृत्तीसाठी पुढे पाठवतात, ती शिफारस. मुख्याध्यापक म्हणतात, "उद्यापासून उशिरा येऊ नका." ही ताकीद. आणि कोणी न विचारता तासभर सांगत बसला, तर लोक कंटाळून म्हणतात, "आता उपदेश पुरे!"

गंमत अशी की 'सल्ला' या एकाच शब्दाचे वजनही जागेप्रमाणे बदलते. भारतीय संविधानाच्या ७४व्या अनुच्छेदानुसार मंत्रिपरिषद राष्ट्रपतींना सल्ला देते. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने, राष्ट्रपतींनी त्या सल्ल्यानुसारच वागावे, असे स्पष्ट केले. १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने, राष्ट्रपती त्या सल्ल्याचा फेरविचार करायला सांगू शकतात, अशी तरतूद झाली. मात्र फेरविचारानंतर मिळालेला सल्ला त्यांना मानावाच लागतो. तेथे सल्ला बंधनकारक असतो. गल्लीतील ओट्यावर मिळालेला सल्ला मात्र मानायचा की नाही, हे आपल्या हाती असते.

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' अशी मराठीत म्हण आहे. ती खरी आहे, पण प्रत्येक वेळी नाही. म्हणून कोणी सल्ला दिला की मनाला तीन प्रश्न विचारा. सांगणाऱ्याला त्या विषयाचे ज्ञान आहे का? तो हे माझ्या भल्यासाठी सांगतो आहे का? आणि मी ऐकले नाही, तर किती नुकसान होईल? त्या संध्याकाळी मी तिसरा प्रश्न विचारला असता, तर दादीने सकाळची वाट पाहिली नसती.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी इंग्रजी किंवा मराठी कागद वाचून दाखवण्याचे काम तुमच्याकडेच असेल. ते काम लहान नाही. शब्दाचा अर्थ सांगा, आणि त्याचे वजनही सांगा. कळले नाही, तर 'मला नीट कळले नाही, विचारून येतो' असे म्हणायला लाजू नका.

स्वाध्याय

१. लेखकाने चिठ्ठीतील शब्दांचा अर्थ बरोबर सांगितला, तरी चूक का झाली?
२. 'सल्ला' आणि 'इशारा' यांतील फरक नाशिकच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
३. चूक दुरुस्त करून वाक्य पुन्हा लिहा : 'काकांनी मला दवाखान्यात जाण्याची सल्ला दिली.'
४. सुचवणे, शिफारस करणे, ताकीद देणे यांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
५. घरातील वडीलधाऱ्यांना विचारून, उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत असलेले दहा शब्द लिहा. त्यांपैकी कोणत्या शब्दांचे अर्थ बदलले आहेत?