जामिनावाचून तुरुंगात

खराडीहून नगर रस्त्याने पुण्याकडे निघाले म्हणजे प्रथम आगाखान पॅलेस लागतो व पुढे थोड्याच अंतरावर येरवडा येते. आगाखान पॅलेसमध्ये सरकारच्या कैदेत असता कस्तुरबा गांधी ह्यांनी २२ फेब्रुवारी १९४४ रोजी देह ठेवला; त्यांच्या समाधीपुढे लोक आजही हात जोडतात. येरवड्याच्या भिंतींआड ज्या स्त्रिया आज दिवस कंठीत आहेत, त्यांची विचारपूस मात्र सहसा कोणी करीत नाही. त्या काळी तुरुंग परक्यांचा होता, म्हणून दोषही परक्यांस देता येत असे. आता तुरुंग आपला आणि कायदाही आपला. तेव्हा दोष आपल्याच पदरी येतो.

ह्या दोषाचे माप आकड्यांनीच घ्यावे. देशातील तुरुंगांत २०१५ साली १७,८३४ स्त्रिया होत्या. २०२२ च्या अखेरीस त्या २३,७७२ झाल्या. म्हणजे सात वर्षांत तिसऱ्या हिश्श्याने वाढ! २०१५ पर्यंतच्या पंधरा वर्षांत पुरुष कैदी शेकडा ३३ वाढले, तर स्त्रिया शेकडा ६१. त्या साली महाराष्ट्रातील संख्या १,३३६ होती.

कोणी म्हणेल, गुन्हे वाढले म्हणून कैदी वाढले. ह्यात नवल ते काय? हा आक्षेप सकृद्दर्शनी बिनतोड वाटतो, पण तो टिकत नाही. २०१५ सालच्या त्या स्त्रियांपैकी ११,९१६, म्हणजे दर तिघींतील दोघी, कच्च्या कैदी होत्या. त्यांचा गुन्हा कोणत्याही न्यायाधीशाने शाबीत ठरविलेला नव्हता. शिक्षेपूर्वीच जी शिक्षा भोगावी लागते, तिला न्याय कसे म्हणावे?

मग ह्या स्त्रिया सुटत का नाहीत? आमच्या मते ह्याचे मोठे कारण जामिनात आहे. जामीन म्हणजे काय, हे व्यापारी वाचकांस सांगावयास नको. ज्याची पत आहे त्याच्या शब्दावर माल मिळतो. ज्याची नाही त्याला रोकड मोजावी लागते. आता ह्या स्त्रियांची पत पाहा. सातबारा नवऱ्याच्या नावे, घर सासऱ्याच्या नावे, आणि अंगावरचे किडूकमिडूक पहिल्या वकिलाच्या फीतच संपलेले! पुरुष तुरुंगात गेला तर आई व बायको कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात. बाई गेली म्हणजे सासर दार लावते आणि माहेर लोकलाजेने तोंड फिरविते. मग कोर्टाने जामीन मंजूर केला, तरी जामीन राहणार कोण? हुकूम कागदावर राहतो आणि बाई कोठडीत.

आईबरोबर मूलही अडकते. २०२२ च्या अखेरीस १,५३७ स्त्रियांजवळ तुरुंगात १,७६४ मुले होती. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईजवळ राहू शकते, व त्याच्या अन्न, औषध आणि शिक्षणाची सोय सरकारने करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ठरविले आहे. निर्णय दयाळू खरा. पण निरपराध मुलाचे बालपण कुलपाआड जावे, हे त्याने टळत नाही.

कायदा अगदीच निष्ठुर आहे असे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४८० स्त्रियांस जामिनात सवलत देण्याची मुभा न्यायाधीशास देते. कलम ४७९ प्रमाणे, फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि अनेक खटले चालू असलेले आरोपी वगळता, पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या व्यक्तीने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ तुरुंगात काढला, की तिला बंधपत्रावर सोडावयाचे आहे. आणि तसा अर्ज कोर्टाकडे करणे हे तुरुंगाच्या अधीक्षकाचे कर्तव्य आहे. गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी चाळीस हजार रुपयांपर्यंत मदत देण्याची केंद्र सरकारची योजनाही २०२३ साली निघाली. औषध कपाटात आहे; ते रोग्याच्या मुखी घालणारा हात हवा.

असा हात पुण्याने पूर्वी दिलेला आहे. अब्रूच्या भयाने पोटचे मूल मारणाऱ्या विधवांस सरकार काळ्या पाण्याची शिक्षा देत असता, जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. शिक्षा योग्य की अयोग्य ह्या वादात न गुंतता त्यांनी गुन्ह्याचे मूळच उपटण्यास हात घातला. पुढे मुंबईच्या तुरुंगातील स्त्रियांस भेटून पत्रकार शीला बारसे ह्यांनी सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिले. त्यावरून १९८३ साली, स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात व तेथे स्त्री-शिपायांचा पहारा असावा, असे आदेश निघाले. एका पत्राने एवढे घडते, तर अवघ्या शहराने मनावर घेतल्यास काय होणार नाही?

तेव्हा आमच्या मागण्या तीन. जामीन मंजूर होऊनही आत राहिलेल्या स्त्रियांची यादी अधीक्षकांनी दरमहा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणास द्यावी. गरीब स्त्रीस तिच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडण्यास न्यायाधीशांनी कचरू नये. आणि खराडी, चंदननगर, येरवडा येथील वकील व व्यापारी ह्यांनी एक मंडळ स्थापून, ज्या बाईस कोणी नाही, तिच्यासाठी जामीन राहावे. बाजारात ज्यांचा शब्द चालतो, त्यांनी तो एकदा कोर्टातही खर्चून पाहावा.