फीला पाहुणी, मताला गावकरी

२०२४ची भाऊबीज होऊन तीन दिवस झाले होते. ६ नोव्हेंबरच्या सकाळी मी चहाचं आधण ठेवत होते, तेवढ्यात विस्कॉन्सिनहून भाचीचा फोन आला. तिकडे अजून आदल्या दिवसाची रात्र होती. आयुष्यातलं पहिलं मत देऊन ती खोलीवर परतली होती. आनंद होताच, पण आवाज दमलेला होता. "मावशी, मत दिलं, पण तीन कार्डं दाखवल्यावर."

भाची न्यू जर्सीत जन्मली, वाढली. अमेरिकेची नागरिक आहे. शिकायला विस्कॉन्सिनमधल्या एका सरकारी विद्यापीठात गेली. मतदार यादीत तिने नाव आधीच नोंदवलं होतं, वसतिगृहाच्या पत्त्यावर. मतदानाच्या दिवशी रांगेत उभी राहून तिने टेबलावर पहिलं कार्ड ठेवलं, न्यू जर्सीचं ड्रायव्हिंग लायसन्स. टेबलामागच्या बाईंनी ते हलकेच परत सरकवलं. ओळख पटवायला दुसऱ्या राज्याचं लायसन्स तिथे चालत नाही. मग तिने विद्यापीठाचं कार्ड काढलं. रोज जेवणघरात, ग्रंथालयात, वसतिगृहाच्या दारावर हेच कार्ड चालतं. बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. फोटो होता, नाव होतं, पण कार्ड कधी दिलं आणि कधीपर्यंत चालेल, या तारखा कुठेच नव्हत्या. तेही परत आलं. शेवटी वीस मिनिटं चालत खोलीवर जाऊन तिने पासपोर्ट आणला, पुन्हा रांग धरली आणि मत दिलं.

विस्कॉन्सिनचा हा कायदा २०११चा. विद्यार्थ्याचं ओळखपत्र त्यात चालतं, पण त्यावर दिल्याची तारीख हवी, सही हवी, मुदत संपण्याची तारीख हवी आणि ती मुदत दिल्यापासून दोन वर्षांच्या आतली हवी. शिवाय आपण सध्या तिथे शिकतो आहोत याचा कागद वेगळा. बहुतेक विद्यापीठांची रोजची कार्डं या मापात बसत नाहीत. मॅडिसनच्या मोठ्या विद्यापीठाने म्हणूनच केवळ मतदानासाठी वेगळं ओळखपत्र द्यायला सुरुवात केली. माझ्या भाचीला असं काही असतं हे कोणी सांगितलंच नव्हतं.

विस्कॉन्सिन निदान कार्ड मान्य तरी करतो. टेनेसीत सरकारी विद्यापीठाचंही ओळखपत्र चालत नाही, पिस्तूल बाळगण्याचा परवाना मात्र चालतो. टेक्ससच्या २०११च्या कायद्याचंही तेच. आयडाहोत पूर्वी विद्यार्थ्यांची कार्डं चालायची; २०२३मध्ये कायदा करून ती यादीतून काढली आणि पुढच्या वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. इंडियानाने २०२५मध्ये हेच केलं. ओळखपत्र मागण्याला माझा विरोध नाही. आपल्याकडेही बोटाला शाई लागण्याआधी कार्ड दाखवावंच लागतं. पण ज्या राज्याने स्वतः विद्यापीठ काढलं, चालवलं, त्याच्या शिक्क्याचं कार्ड त्याच राज्याने नाकारावं, हे मला पटत नाही.

त्या फोनवर भाचीने आणखी एक गोष्ट विचारली, आणि हा लेख खरं तर तिथून सुरू झाला. "मी इथे मत देते, म्हणजे मी इथली झाले ना? मग माझी फी परराज्याची का?"

अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत दोन दर असतात. राज्यातल्या मुलांना एक, बाहेरच्यांना दुसरा. कॉलेज बोर्डाच्या आकड्यांप्रमाणे २०२३-२४मध्ये चार वर्षांच्या सरकारी महाविद्यालयांची सरासरी फी राज्यातल्या विद्यार्थ्याला ११,२६० डॉलर होती आणि बाहेरच्याला २९,१५०. राहणं-जेवणं वेगळं. कारण सरळ आहे: विद्यापीठ राज्याच्या करातून चालतं, आणि ज्यांच्या आईवडिलांनी तो कर वर्षानुवर्षं भरला त्यांच्या मुलांना सवलत. मिनेसोटाने सवलतीसाठी वर्षभराच्या वास्तव्याची अट घातली होती, ती १९७१मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात टिकली.

पण राज्याच्या या हक्कालाही मर्यादा आहे. कनेक्टिकटचा नियम असा होता की अर्ज करताना पत्ता बाहेरचा असेल, तर शिक्षण संपेपर्यंत विद्यार्थी बाहेरचाच. लग्न करून तिथे संसार थाटला, लायसन्स काढलं, मतदार यादीत नाव घातलं, तरी बाहेरचाच. दोन विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या. १९७३मध्ये 'व्हलँडिस विरुद्ध क्लाइन' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जास्त फी घ्या, पण आपण आता इथलेच आहोत हे सिद्ध करायची संधी विद्यार्थ्याला द्या.

ती संधी आज बहुतेक राज्यांत आहे, पण वाट अवघड आहे. साधारण बारा महिने राहायचं, आणि ते शिकण्यासाठी नव्हे तर इथेच राहण्याच्या इराद्याने. विस्कॉन्सिनमध्ये इराद्याचे पुरावे म्हणून राज्याचं आयकर विवरण, लायसन्स, गाडीची नोंदणी, नोकरी आणि मतदार नोंदणीही पाहतात. फ्लोरिडात मतदार कार्ड हे पहिल्या प्रतीच्या पुराव्यांत मोजलं जातं. पण नुसत्या मतदार कार्डाने फी उतरत नाही. जो मुख्यतः शिकायला आला तो बाहेरचाच, असं विस्कॉन्सिनचा नियम गृहीत धरून चालतो. आणि आईवडिलांच्या पैशावर शिकणाऱ्या मुलाचं घर बहुतेक ठिकाणी आईवडील राहतात तेच. भाचीचे आईवडील न्यू जर्सीत, खर्च त्यांचा. तिची फी उतरणार नाही, हे मी तिला तिथल्या तिथे सांगितलं.

मग उलट बाजू. फी बाहेरची भरते, तर तिथे मत का द्यायचं? हा प्रश्न अमेरिकेत पन्नास वर्षं विचारला जातो आहे, आणि बऱ्याचदा विचारणाऱ्याच्या मनात विद्यार्थ्यांना यादीबाहेर ठेवायचं असतं.

१ जुलै १९७१ला सव्विसावी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि अठरा वर्षांच्या मुलांना मत मिळालं. टेक्ससच्या वॉलर काउंटीत प्रेअरी व्ह्यू हे कृष्णवर्णीयांचं जुनं विद्यापीठ आहे. तिथले मतदार नोंदणी अधिकारी होते लेरॉय सिम. विद्यार्थी नाव नोंदवायला आला की ते त्याच्यापुढे एक प्रश्नावली ठेवत: इथे तुझी मालमत्ता आहे का? नोकरीचं काही ठरलंय का? शिक्षण संपल्यावर इथेच राहणार का? काउंटीतल्या ओळखीच्या माणसांना हे प्रश्न नसत. विशीतला मुलगा पुढचं काय सांगणार! सरकारने खटला भरला, आणि जानेवारी १९७९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या बाजूचा निकाल कायम केला. विद्यार्थी जिथे शिकायला राहतो तिथे मत देऊ शकतो, हे या निकालाने पक्कं झालं. तरी २००४च्या सुमारास तिथल्या सरकारी वकिलाने मत देणाऱ्या विद्यार्थ्यांवर खटल्याची भाषा केलीच. २००८मध्ये लवकर मतदानाचं केंद्र लांब हेम्पस्टेड गावात होतं, तेव्हा हजारावर विद्यार्थी सुमारे सात मैल चालत मत द्यायला गेले.

फी आणि मत यांची गाठ उघडपणे मारली गेली ती मेन राज्यात. २०११च्या जुलैत तिथल्या रिपब्लिकन पक्षाच्या अध्यक्षांनी २०६ विद्यार्थ्यांची यादी पुढे केली. आक्षेप असा: हे बाहेरची फी भरतात, म्हणजे बाहेरचे; मग मेनच्या मतदार यादीत कसे? राज्याच्या सचिवांनी चौकशी केली. गैरप्रकार सापडला नाही. तरीही विद्यार्थ्यांना पत्रं गेली: मेनचं लायसन्स काढा, गाडी इथे नोंदवा, नाहीतर मतदार नोंदणी रद्द करून घ्या. अशी पत्रं वाचून अठरा-एकोणीस वर्षांची मुलं काय करतील? बरीचशी गप्प बसतील. त्याच वर्षी मतदानाच्या दिवशी नाव नोंदवण्याची सोयही विधिमंडळाने काढली होती. ती मात्र मेनच्या लोकांनीच ८ नोव्हेंबरला सार्वमत घेऊन, साठ टक्क्यांच्या आसपास मतांनी, परत आणली.

न्यू हॅम्पशायरने वेगळा रस्ता धरला. २०१८मध्ये 'रहिवासी' या शब्दाची व्याख्याच बदलली. १ जुलै २०१९पासून तिथे मत देणारा विद्यार्थी रहिवासी ठरतो, आणि गाडी चालवत असेल तर साठ दिवसांत तिथलं लायसन्स आणि गाडीची नोंदणी त्याच्यावर येते. त्याचे पैसे पडतात. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी हे घटनेत बसतं असं सल्लामत दिलं. एवढं करूनही फी परराज्याचीच राहते. मोटारीसाठी गावकरी आणि फीसाठी पाहुणा, असा दुहेरी हिशेब एकाच मुलाच्या माथी.

माझं मत स्पष्ट आहे. फीचा प्रश्न मागचा आहे: कर कोणी भरला? मताचा प्रश्न आजचा आहे: इथले नियम कोणाला लागू होतात? वसतिगृहातली मुलगी वर्षातले नऊ महिने त्या गावचं भाडं, बस, पाणी, पोलीस यांच्यात जगते. अमेरिकेची जनगणनाही तिला आईवडिलांच्या घरी मोजत नाही, विद्यापीठाच्या गावी मोजते. तिच्या डोक्याचा आकडा धरून तिथले मतदारसंघ आखायचे आणि मत द्यायला आली की 'तू बाहेरची' म्हणायचं, हे न्यायाचं नाही. आपल्याकडेही डोमिसाइलचा दाखला वेगळा आणि मतदार यादी वेगळी. वसतिगृहातला विद्यार्थी संस्थेच्या प्रमुखांचं पत्र जोडून तिथे नाव नोंदवू शकतो.

आता आपल्या घरांशी जोडलेली गोष्ट. अमेरिकेत शिकणारी मराठी मुलं दोन तऱ्हांची. भाचीसारखी नागरिक असलेली: त्यांनी घरच्या पत्त्यावर किंवा विद्यापीठाच्या पत्त्यावर, कुठेही एकाच ठिकाणी मत द्यावं. दोन्हीकडे दिलं तर गुन्हा. आणि पुण्या-नागपुराहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलेली, किंवा आईवडिलांच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसामुळे एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर वाढलेली. एच-४च्या मुलांना अनेक राज्यांत राज्याची फी मिळू शकते, पण एकविसाव्या वर्षी तो व्हिसा संपतो आणि हिशेब पुन्हा मांडावा लागतो. त्याची चौकशी वीस पूर्ण व्हायच्या आत करावी. मतदान मात्र एफ-१ आणि एच-४ या दोन्ही व्हिसांवरच्या मुलांनी अजिबात करायचं नाही. लायसन्सच्या कार्यालयात अर्ज भरताना मतदार नोंदणीचाही प्रश्न विचारतात. 'नागरिक आहे' या चौकटीत घाईत खूण केली, तर पुढे ग्रीन कार्डच काय, देशात राहणंही अवघड होऊ शकतं. तिथे थांबून वाचायचं.

अमेरिकेतली पुढची मोठी निवडणूक ३ नोव्हेंबर २०२६ला आहे. तुमच्या घरातलं नागरिक असलेलं मूल तिकडे शिकत असेल, तर सप्टेंबरच्या एखाद्या फोनवर जेवलास का, झोपलीस का यांच्या जोडीला एवढंही विचारा: तुझ्या राज्यात विद्यापीठाचं कार्ड चालतं का, आणि चालत असेल तर त्यावर तारीख आहे का?