डोहाळजेवणानंतर काय?

श्रोतेहो, आपल्या नांदेड-लातूरकडे सातव्या महिन्यात डोहाळजेवण थाटाने होते आणि पहिलटकरीण माहेरी जाते. ओटी भरली जाते. तपासणीचे कार्ड मात्र सासरीच राहते! मग माहेरच्या डॉक्टरांना मागची नोंद कशी कळावी? २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी रुग्णालयांत गर्भवतींची मोफत तपासणी होते. तेथे ते कार्ड हवेच.

अंगात रक्त कमी असले की प्रसूतीतला थोडा रक्तस्रावही जिवावर बेततो. म्हणून चौथ्या महिन्यापासून रोज लोहाची एक गोळी, निदान १८० दिवस. चहाबरोबर ती घेऊ नये. चहा लोह अंगी लागू देत नाही.

तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, रक्तस्राव, बाळाची मंदावलेली हालचाल ही लक्षणे जावईबापूंनीही पाठ करावीत. (त्यांना हे कुणी सांगतच नाही.) तसे दिसताच १०८ क्रमांकावर गाडी मागवावी; वडीलधाऱ्यांच्या संमतीसाठी थांबू नये.