मिक्सर घेताना: वॅट, भांडी आणि वापीचा भाव

“मिक्सर घ्यायचाय? मग वापीला जा, तिकडं स्वस्त पडतो.” तलासरी आणि डहाणू तालुक्यांत हा सल्ला इतक्या सहज दिला जातो की तो तपासून पाहायचं कुणाच्या मनातही येत नाही. एके काळी त्यात तथ्य होतं. महाराष्ट्राचा व्हॅट वेगळा, गुजरातचा वेगळा. दमण आणि सिल्वासा केंद्रशासित, तिथला आणखी वेगळा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हा फरक संपला. मिक्सरवर सुरुवातीला २८ टक्के कर होता, २७ जुलै २०१८ पासून तो १८ टक्के झाला. हे १८ टक्के तलासरीच्या दुकानात जितके, तितकेच वापीत आणि तितकेच सिल्वासात. तरी समजूत टिकून आहे, कारण पेट्रोल जीएसटीच्या बाहेर आहे. महामार्गावर राज्याची सीमा ओलांडली की पंपावरचा भाव खरोखरच बदलतो, आणि तोच हिशेब माणूस मिक्सरलाही लावतो.

वापीत दोन पैसे कमी पडणारच नाहीत असं नाही. तिथली बाजारपेठ मोठी, दुकानं जास्त, घासाघीस करायला वाव जास्त. पण जी सूट मिळते ती दुकानदार आपल्या नफ्यातून देतो, कर वाचल्यामुळे नाही. आणि ‘बिल नको असेल तर आणखी कमी करतो’ असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबावं. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही. उधव्याच्या किंवा सायवनच्या घरात सहा महिन्यांनी भांडं गळायला लागलं की पुन्हा वापीची फेरी, अर्धा दिवस आणि मजुरी बुडते ती वेगळीच. दोन हजारांच्या वस्तूवर दोनशे रुपये वाचवायचे आणि एका फेरीत तेवढेच घालवायचे, हे परवडत नाही. डहाणू, कासा, तलासरी, जिथं आपलं नेहमीचं येणंजाणं आहे आणि जिथं मिक्सर दुरुस्त करणारा बसतो, तिथून घेतलेला मिक्सर दीर्घकाळात स्वस्त पडतो असं मला ठामपणे वाटतं.

वॅटचा आकडा

खोक्यावर सगळ्यांत मोठा छापलेला आकडा वॅटचा असतो आणि सगळ्यांत जास्त गैरसमजही त्याच्याच भोवती आहेत.

पहिला गैरसमज बिलाचा. ‘७५० वॅटचा घेतला तर वीजबिल वाढेल’ म्हणून अनेकजण हात आखडता घेतात. हिशेब मांडून पाहू. रोज १० मिनिटं मिक्सर चालला तर ७५० वॅटचा महिन्याला पावणेचार युनिट घेतो, ५०० वॅटचा अडीच. फरक सव्वा युनिटाचा, आणि लहान मोटरला तेच काम करायला जास्त वेळ लागतो हे धरलं तर तोही उरत नाही. त्याच घरात जुना ७५ वॅटचा पंखा रोज १२ तास फिरला तर महिन्याला २७ युनिट जातात. बिल कमी करायचं असेल तर लक्ष पंख्याकडे द्यावं.

दुसरा गैरसमज याच्या उलट बाजूचा: वॅट जितके जास्त तितका मिक्सर दणकट. पाटीवरचे वॅट म्हणजे मोटर ओढते ती वीज. त्यातली पात्यापर्यंत किती पोचते आणि उष्णता होऊन किती वाया जाते, ते मोटरच्या बांधणीवर ठरतं. चांगल्या बांधणीचा ५०० वॅटचा मिक्सर सुमार बांधणीच्या ७५० वॅटच्या मिक्सरपेक्षा बारीक वाटण करू शकतो. मिनिटाला १८ ते २० हजार फेरे हा दावाही रिकाम्या मोटरचा असतो. भिजलेले उडीद टाकले की फेरे उतरतात, आणि तेव्हा किती जोर शिल्लक राहतो हे खोक्यावर कुठंच लिहिलेलं नसतं.

चार-पाच माणसांचं घर, रोजचं ओलं खोबरं, आलं-लसूण, हिरव्या वाटणाची माशांची आमटी, अधूनमधून चटणी, एवढ्याला ५०० वॅट पुरतात. आठवड्यातून दोनदा तांदूळ-उडीद भिजवून वाटायचे असतील किंवा घर मोठं असेल तर ७५० घ्यावा. त्यापुढं जायची गरज घरगुती स्वयंपाकात क्वचितच पडते. आणि हजार वॅटचा घेतला म्हणून नागली किंवा तांदूळ त्यात दळता येतील ही आशा धरू नये. मूठभर पीठ निघेल, पण ते गरम, असमान आणि भाकरीला चिरा पाडणारं. धान्यासाठी गिरणी आणि हळकुंडासाठी कांडप यंत्रच. अख्खं हळकुंड घरच्या कुठल्याही मिक्सरमध्ये टाकू नये.

मोठ्या मिक्सरला पंधरा अँपिअरचा पॉवर पॉइंट लागतो, हेही खरं नाही. ७५० वॅटचा मिक्सर २३० व्होल्टवर साधारण सव्वातीन अँपिअर घेतो. स्वयंपाकघरातला साधा तीन पिनचा सॉकेट त्याला पुरतो. मात्र तिसऱ्या भोकातलं अर्थिंग खरोखर जोडलेलं आहे का, हे वायरमनकडून एकदा बघून घ्यावं.

ओळीच्या टोकाचं घर

डहाणूच्या औष्णिक केंद्राची ५०० मेगावॅट वीज मुंबईच्या उपनगरांसाठी जाते. आपल्या पाड्यांवर येते ती महावितरणची. ट्रान्सफॉर्मरपासून लांब, ओळीच्या टोकाला घर असेल तर संध्याकाळी सगळीकडचे दिवे-पंखे लागल्यावर व्होल्टेज उतरतं. अशा वेळी मिक्सर कण्हतो, पातं अडतं, आणि ‘मोटर कमजोर निघाली’ असं म्हणत लोक दुकानात परत जातात. दोष बहुधा मोटरचा नसतो. व्होल्टेज कमी पडलं की मोटर हळू फिरते. तिला गार ठेवणारा पंखा त्याच दांड्यावर बसवलेला असतो, त्यामुळे वाराही कमी मिळतो. भांडं मात्र तेवढंच भरलेलं असतं. मग मोटर तापते.

यासाठी स्टॅबिलायझर घेण्याचा सल्ला काही दुकानांत मिळतो. त्यावर पैसे घालवू नयेत. वाटण सकाळी किंवा दुपारी करून ठेवावं. संध्याकाळीच करायचं झालं तर भांडं अर्ध्याहून कमी भरावं, थोडं पाणी घालावं आणि थांबून थांबून चालवावं. घरचा छोटा इन्व्हर्टर मिक्सरला चालेल असंही समजू नये. सुरू होताना मोटर क्षणभर कितीतरी जास्त वीज ओढते आणि तिथंच इन्व्हर्टर बंद पडतो.

तापून मिक्सर एकदम थांबला की ‘जळला’ म्हणून लगेच मेकॅनिककडे धावू नये. बहुतेक मिक्सरच्या बुडाशी एक छोटं, बहुधा लाल, बटण असतं. मोटरवर ताण आला की ते आपोआप बाहेर येतं आणि वीज तोडतं. पिन काढावी, भांडं रिकामं करावं, मोटर गार होऊ द्यावी आणि बटण आत दाबावं. घेतानाच दुकानदाराला हे बटण दाखवायला सांगावं. ज्याला ते नाही, तो मिक्सर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. पहिल्या एक-दोन वेळा येणारा जळका वासही घाबरण्यासारखा नाही, तो तारांवरच्या वॉर्निशचा असतो. महिनाभरानंतरही वास येत राहिला किंवा धूर दिसला, तर मात्र काहीतरी बिघडलं आहे.

भांडं पालथं करून पाहा

‘पाच भांड्यांचा सेट आहे, त्याच किमतीत’ हे ऐकायला चांगलं वाटतं. दोन ते चार हजारांच्या मिक्सरमध्ये किंमत तीच आणि भांडी जास्त, याचा अर्थ बहुतेकदा प्रत्येक भांड्याचा पत्रा पातळ. रोज हात लागतो तो चटणीच्या लहान भांड्याला आणि मधल्या वाटणाच्या भांड्याला. दीड लिटरचं मोठं भांडं चिकूच्या दिवसांत दूध-चिकू करायला लागतं. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेला डहाणू-घोलवडचा चिकू इथं घराघरांत येतो. त्याची काळी, टणक बी एकही आत राहू देऊ नये, ती पात्याची धार मोडते. म्हणजे तीन भांडी झाली. चौथं-पाचवं माळ्यावर जातं.

ही तीन नीट निवडायची असतील तर मोटरकडे बघत बसण्यापेक्षा भांडं उचलून पालथं करावं. बुडाच्या मधोमध कपलर दिसेल. तो बोटानं फिरवावा. खरखर न करता सरळ फिरला पाहिजे. मग भांडं सुलटं करून पात्याचं मधलं बोंड धरावं आणि हलवून पाहावं. किंचित वरखाली हललं तर हरकत नाही. आडवं डुगडुगलं तर बुश सैल आहे. नव्या भांड्यातच तो सैल असेल तर काही महिन्यांत बुडातून काळं पाणी ओघळायला लागेल. चटणीच्या भांड्यात पातं बुडाच्या किती जवळ आहे ते पाहावं. अंतर जास्त असेल तर चार लसूणपाकळ्या आणि दोन मिरच्या पात्याखाली गोल फिरत राहतात, वाटल्या जातच नाहीत. शेवटी प्रत्येक भांड्यात पेलाभर पाणी ओतून ते कागदावर पाच मिनिटं ठेवायला सांगावं. दुकानदार नाराज झाला तर होऊ द्यावा.

कपलर प्लॅस्टिकचा दिसला की ‘माल हलका’ म्हणून नाक मुरडलं जातं. तो मुद्दामच नरम ठेवलेला असतो. पात्यात काही अडकलं तर आधी तो तुटावा आणि मोटर वाचावी, हा त्यामागचा विचार. कपलर काय, बुश काय, कार्बन काय, बदलायला फार पैसे लागत नाहीत. विचारायचं ते एवढंच, की या कंपनीचे हे सुटे भाग जवळपास मिळतात का. डहाणूच्या मेकॅनिककडे ज्याचा कपलर लटकलेला दिसतो तो मिक्सर घ्यावा, मग नाव फारसं गाजलेलं नसलं तरी चालेल.

लोहचुंबक घेऊन पातं तपासणारेही भेटतात. चुंबक चिकटला की स्टील खोटं, अशी त्यांची खात्री असते. डबे-ताटांच्या बाबतीत ती समजूत थोडीफार चालून जाते, पात्यांच्या बाबतीत नाही. धार टिकावी म्हणून सुऱ्या-पात्यांना जे कडक करता येणारं स्टेनलेस स्टील वापरतात, त्याला चुंबक चिकटतोच. उलट ३०४ आणि स्वस्तातलं २०२ ही दोन्ही साधारणपणे चुंबकाला दाद देत नाहीत, त्यामुळे त्यांच्यातला फरक चुंबकानं कळत नाही. जाडं मीठ फिरवलं की पात्याला धार येते, हेही तसंच. मिठानं पात्यावरचा चिकटा निघतो, धार येत नाही. ते मीठ भांड्यात तसंच राहिलं तर स्टीलला बारीक खड्डे मात्र पडतात.

ब्लेंडर वेगळा

ऑनलाइन हजार-बाराशेला मिळणारा नाजूक ब्लेंडर किंवा चार्जिंगवरची ज्यूसची बाटली बघून तरुण मुलं म्हणतात, आई, हाच घे, सगळं होतं यात. सगळं होत नाही. तो दूध, फळं, ताक अशा पातळ पदार्थांसाठी बनवलेला असतो. सुकं खोबरं, धणे, भिजलेली डाळ त्याला झेपत नाही. आपल्याकडचा मिक्सर जन्मालाच मुळी या अडचणीतून आला. १९६० च्या दशकात मुंबईत सीमेन्समध्ये काम करणारे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी, त्यांच्या पत्नी माधुरी वापरत असलेला परदेशी मिक्सर बंद पडला. देशी मसाले वाटायला तो केलेलाच नव्हता. माथुरांनी जास्त ताकदीची मोटर घालून यंत्र तयार केलं, तो ‘सुमीत’. आज बाजारातला जवळजवळ प्रत्येक मिक्सर त्याच वळणाचा आहे.

आणि पाटा-वरवंटा फेकून द्यावा का? मुळीच नाही. वारली घरात भाजलेल्या सुकटीची मूठभर चटणी करायची असते. तेवढा ऐवज मिक्सरच्या भांड्यात कडेला उडून चिकटतो आणि पातं रिकामं फिरतं. झाईच्या किंवा डहाणूच्या किनाऱ्यावरच्या घरात दहा माणसांच्या कालवणाचं वाटण रोज पाट्यावर करायला लावणं म्हणजे बाईच्या मनगटाचा आणि कमरेचा छळ. दोन्ही घरांची गरज वेगळी. ज्या घरात रोज मूठभरच वाटायचं आहे, त्या घराने मिक्सरसाठी हप्ते काढण्याची घाई करू नये.

पाच वर्षांची वॉरंटी

खोक्यावर ‘५ वर्षे’ असं ठळक छापलेलं असलं तरी आतलं कार्ड वाचावं. पाच वर्षं बहुतेकदा फक्त मोटरला असतात. पूर्ण यंत्राला एक किंवा दोन, आणि भांडी, पाती, कपलर, झाकणाचं रबर यांना अनेकदा काहीच नाही. कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख नसेल तर सेवा केंद्रात वाद होतो, म्हणून ते काउंटरवरच भरून घ्यावं. यंत्रावर आयएसआय चिन्ह असेल तर त्यासोबत घरगुती मिक्सरच्या मानकाचा आयएस ४२५० हा क्रमांक आहे का ते पाहावं.

बचत गटांनी आणखी एक अट लक्षात ठेवायला हवी. चिकूची पावडर, मसाला, चटण्या विकायला करायच्या म्हणून गटातली एखादी ताई आपला घरचाच मिक्सर आणते. घरगुती मिक्सरच्या कार्डावर ‘व्यावसायिक वापरास वॉरंटी लागू नाही’ अशी ओळ बहुधा असते. शिवाय अनेक यंत्रांच्या पाटीवर पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद, आणि असं एकूण अर्धा तास, एवढीच मर्यादा दिलेली असते. तासन् तास दळण घातलं की मोटर जळते आणि नवी ताईला स्वतःच्या पैशानं भरावी लागते. गटाने सगळ्यांच्या वर्गणीतून व्यावसायिक यंत्र घ्यावं, बिल गटाच्या नावानं करावं. आणि घरगुती मिक्सर मुदतीत बिघडूनही दुकान किंवा कंपनी दाद देत नसेल, तर बिल हातात ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तिथं मराठीतही बोलता येतं. एवढ्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं शुल्क पडत नाही.