काचेवरचा गहू

धान्यबाजारातला सराईत माणूस मूठभर गहू तळहातावर घेतो आणि बन्सी की लोकवन, ते सांगून मोकळा होतो. कशावरून, असं विचारलं तर त्याला धड सांगता येत नाही. नवे वाण घडवणाऱ्यांचं एवढ्यावर भागत नाही. त्यांच्यापुढे एका हंगामात शेकडो पुड्या येतात आणि फरक असतो मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा.

पुण्यात हे काम आघारकर संशोधन संस्थेत चालतं. (संस्था आगरकर रस्त्यावर, त्यामुळे नव्या माणसाची गफलत ठरलेली. रस्ता 'सुधारक'कर्त्या गोपाळ गणेशांचा, संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तमांची.) 1946 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचं 1992 मध्ये हे नाव झालं. जुन्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं वाणांना मात्र चिकटून राहिली: एमएसीएस 6222, 6478, बन्सीतला 4028, खपलीतला बुटका 2971. प्रयोगाचं शेत बारामती तालुक्यात, होळला.

दाणे मोजायला भारी यंत्र लागत नाही, कागदपत्रांचा साधा स्कॅनर चालतो. दाणे एकमेकांना न टेकता, खाच वर करून काचेवर मांडायचे, वर काळा कागद. दर इंचाला 300 ठिपक्यांच्या चित्रात सहा मिलिमीटर लांब, तीन मिलिमीटर रुंद दाणा साधारण दोन हजार ठिपके व्यापतो. संगणक उजळ ठिपके वेगळे करून प्रत्येक दाण्याचं क्षेत्रफळ, परीघ, लांबी-रुंदी काढतो. इमेजजेसारखी फुकट प्रणालीही याला पुरते. वेळ जातो तो दाणे मांडण्यात.

भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी 2001 मध्ये 15 भारतीय वाणांच्या दाण्यांचं असं आकार-विश्लेषण प्रसिद्ध केलं. पुढे त्याच गटाने वेगवेगळ्या वातावरणात पिकलेले दाणे तपासले. खरी मेख तिथेच आहे. पेरणी उशिरा झाली, मार्चचं ऊन दाणा भरताना लागलं, की तोच वाण बारीक दिसतो. लांबी लवकर ठरून जाते, फटका बसतो तो रुंदी-जाडीला. म्हणून केवळ चित्रावरून वाणाचं नाव सांगण्याच्या दाव्यांवर माझा फारसा विश्वास नाही. एकाच शेतात, एकाच दिवशी पेरलेल्या ओळींची आपसांत तुलना करायची असेल, तर मात्र या मोजणीला तोड नाही. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आघारकर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इतरांसोबत 2003 मध्ये दाण्याच्या आकाराशी जोडलेल्या जनुकीय खुणा शोधल्या. अशा शोधात प्रत्येक ओळीचा दाणा मोजावा लागतो, तोही वर्षानुवर्षं. दमलेल्या डोळ्यांनी ते सरळ होत नाही.

स्कॅनरला दाण्याची पाठ तेवढी दिसते. पोटावरची खाच किती खोल आहे हे त्याला कळत नाही, आणि खाचेत दडलेला कोंडा मैद्याचा उतारा कमी करतो. तो आकडा काढायला दाणे अजूनही छोट्या गिरणीत दळावे लागतात.